एकाच घरातल्या दोन इकोस्प्रिन

चोपडा तालुक्यातले, नोकरीसाठी पुण्यात असलेले एक गृहस्थ विचारतात: "वडील ७४ वर्षांचे, आम्ही त्यांना नाना म्हणतो. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला. तेव्हापासून रात्री एक कॅप्सूल घेतात, त्यात इकोस्प्रिन आणि कोलेस्टेरॉलचं औषध एकत्र आहे. गेल्या महिन्यात चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर वयाचे ठिपके आहेत, मॅक्युलर डिजनरेशनची सुरुवात आहे. नंतर व्हॉट्सॲपवर कुणी तरी पाठवलं, रक्त पातळ करायच्या गोळीने पडदा जातो. नानांनी आठ दिवसांपासून कॅप्सूल बंद केली आहे. आई ७० वर्षांची. तिला बीपी आणि शुगर आहे, हृदयाचं काही नाही, पण एका शिबिरात सांगितलं म्हणून तीही तीन वर्षं इकोस्प्रिन ७५ घेते. दोघांनी बंद करावी का? आईचं डोळ्याचं विशेष काही नाही. फक्त दहा-बारा दिवसांपासून उजव्या डोळ्याने दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते म्हणते. तिचा मोतीबिंदू अजून पिकायचा आहे, दिवाळीनंतर ऑपरेशन करू."

तुम्ही विचारलंत नानांसाठी, पण मी आईपासून सुरुवात करतो, कारण "विशेष काही नाही" म्हणून जे तुम्ही शेवटी टाकलंय ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. मोतीबिंदूने धुरकट दिसतं, दिव्याभोवती वलयं दिसतात, रात्री समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यात पसरतो. चौकट वाकत नाही. सरळ रेघ मध्येच वाकडी दिसायला लागली की बिघाड पडद्याच्या अगदी मध्यभागी, मॅक्युलामध्ये आहे असं धरून चालायचं, तपासणीत काही वेगळं निघेपर्यंत. साक्रीकडच्या एक आजी मागे आल्या होत्या. त्यांनी आमच्या तपासणीच्या खोलीत बसल्या बसल्या निदान सांगून टाकलं: "माले भीत वाकडी दिसस." भिंत सरळच होती. मॅक्युलाखाली पाणी साचलं होतं.

आईला शुगर आहे, त्यामुळे मधुमेहाने मॅक्युलाला आलेली सूज असू शकते. वय ७० आहे, त्यामुळे वयाने होणाऱ्या मॅक्युलर डिजनरेशनचा, म्हणजे एएमडीचा, गळका प्रकार, ज्याला आम्ही ओला एएमडी म्हणतो, तो असू शकतो. बुबुळ मोठं करायचे थेंब टाकून पडदा पाहिला आणि ओसीटी नावाचा स्कॅन काढला की बहुतेक वेळा उलगडा होतो. स्कॅनला सुई लागत नाही, दुखत नाही, काही मिनिटांत होतो. जळगावला किंवा धुळ्याला, जिथे पडद्याचे म्हणजे रेटिनाचे डॉक्टर आणि ओसीटी दोन्ही असेल तिथे आईला याच आठवड्यात न्या. आणि त्या वाकड्या चौकटीच्या जागी अचानक काळा डाग आला, तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी निघा.

मोतीबिंदू "पिकू देणे" हा आपल्याकडचा जुना हट्ट आहे. एके काळी त्याला अर्थ होता. आताच्या ऑपरेशनला मोतीबिंदू पिकलेला लागत नाही, उलट फार पिकला की काम अवघड होतं. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. मोतीबिंदूच्या नावाखाली पडद्याचे आजार महिनोन्‌महिने लपून राहतात. दुसरा डोळा सांभाळून घेतो, घरचे म्हणतात वय झालं, आणि आमच्याकडे येईपर्यंत मॅक्युलावर वण पडलेला असतो. वण पडल्यावर इंजेक्शनाने फारसं काही परत येत नाही.

आता नाना. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन करा, उद्यावर टाकू नका. आठ दिवस म्हणजे किती, ते सांगतो. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, आणि ते रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या कणांचा चिकटपणा कायमचा काढून घेतं, म्हणजे त्या कणाचं आयुष्य असेपर्यंत. हे आयुष्य सात ते दहा दिवसांचं. गोळी बंद केली की रोज थोडे नवे, चिकट कण येत राहतात आणि आठवड्या-दहा दिवसांत गोळीचं कवच जवळजवळ उतरलेलं असतं. नाना आज तिथे पोचले आहेत. स्टेंट चार वर्षांचा आहे म्हणजे धोका संपला असं नाही. शिवाय त्यांची कॅप्सूल जोडऔषधाची आहे, तिच्यासोबत कोलेस्टेरॉलचं औषधही गेलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. हे मी वारंवार पाहतो. पेशंट म्हणतो "एकच गोळी सोडली", आणि तिच्या पोटात दोन-तीन औषधं असतात.

हृदयाचे डॉक्टर बहुधा आज रात्रीपासूनच कॅप्सूल पुन्हा चालू करायला सांगतील. त्यांना दोन गोष्टी स्वतःहून सांगा: नानांना शौचाला डांबरासारखं काळं होतं का, आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून दुखणं थांबवायच्या गोळ्या घेतात का. चालू करताना राहिलेल्या आठ दिवसांच्या एकदम घेऊ नका. हसू नका, असं करणारे भेटले आहेत.

मग ती व्हॉट्सॲपची गोष्ट कुठून आली? ती हवेतून आलेली नाही, म्हणून "अफवा आहे, सोडून द्या" असं मी म्हणणार नाही.

२०१२ मध्ये युरोपातल्या सात ठिकाणच्या ६५ वर्षांवरच्या साधारण ४,७०० लोकांचा अभ्यास आला. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ओला एएमडी न घेणाऱ्यांच्या दुपटीहून थोडा जास्त दिसला. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतल्या बीव्हर डॅम गावचा अभ्यास छापून आला. तिथे जवळजवळ पाच हजार लोकांची वर्षानुवर्षं तपासणी चालू होती. तपासणीच्या दहा वर्षं आधी जे नियमित ॲस्पिरिन घेत होते त्यांच्यात शेवटच्या टप्प्याचा एएमडी १.७६ टक्के, न घेणाऱ्यांत १.०३ टक्के. लगेच २०१३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्सचा अभ्यास: २,३८९ लोक, पंधरा वर्षं. नियमित घेणाऱ्यांत ओला एएमडी ९.३ टक्के, बाकीच्यांत ३.७ टक्के. जगभर बातम्या झाल्या. आमच्या ओपीडीतही ते कात्रण घेऊन लोक आले होते. तुमच्या नानांना आलेला मेसेज त्याच बातमीचा पणतू असावा.

आकडे खोटे नाहीत. प्रश्न आहे त्यांचा अर्थ काय लावायचा. तुमच्या घरी कापूस असेलच, त्यावरून सांगतो. समजा मी तालुक्यातल्या शंभर शेतकऱ्यांची नोंद केली आणि मला दिसलं की ज्या शेतात फवारण्या जास्त तिथे बोंडअळीही जास्त. आता मी गावभर सांगत सुटलो की फवारणीने बोंडअळी होते, तर नाना मला वेड्यात काढतील. अळी दिसली म्हणून तर माणसाने पंप पाठीवर घेतला! ॲस्पिरिनचं असंच आहे. साठीनंतर रोज ॲस्पिरिन कोण घेतं? ज्याला अटॅक येऊन गेलाय, ज्याचं बीपी जुनं आहे, ज्याने आयुष्यभर बिडी ओढली आहे. आणि मॅक्युला कुणाचा बिघडतो? वय, तंबाखूचा धूर, घराण्यातला वारसा, काही प्रमाणात बीपी. म्हणजे दोन्ही याद्यांत बरीच नावं तीच. अभ्यास करणारे हिशेबातून वय वजा करतात, बिडी वजा करतात, पण माणसाच्या शरीरातलं सगळं काही वजा करता येत नाही.

अळीचा आणि फवारणीचा निकाल लावायचा तर शेतं चिठ्ठ्या टाकून वाटावी लागतील: या शेतात फवारणी, त्या शेतात नुसतं पाणी, आणि कुठे काय ते शेतकऱ्यालाही माहीत नाही. माणसांवर असे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत २२,०७१ पुरुष डॉक्टरांना एक दिवसाआड ॲस्पिरिन किंवा बिनऔषधाची गोळी दिली. नंतर ३९,८७६ स्त्रियांना दहा वर्षं एक दिवसाआड १०० मिलिग्रॅम. स्त्रियांच्या प्रयोगात नजर कमी करणारा एएमडी ॲस्पिरिनच्या गटात १११ जणींना झाला आणि बिनऔषधाच्या गटात १३४ जणींना. यावरून ॲस्पिरिनने डोळा वाचतो असंही म्हणता येत नाही, फरक योगायोगाचा असू शकतो. पण गोळी दुपटीने डोळे घालवत असती तर आकडे उलटे असते.

सर्वात उपयोगी मला २०२४ मध्ये आलेला ऑस्ट्रेलियातला निकाल वाटतो, कारण त्यातली माणसं तुमच्या नानांच्या वयाची होती. ॲस्प्री नावाच्या मोठ्या प्रयोगातल्या ७० वर्षांवरच्या साधारण पाच हजार लोकांच्या पडद्याचे फोटो काढले, निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी, आणि तीन वर्षांनी पुन्हा फोटो. नवा एएमडी दोन्ही गटांत शंभरात एकोणीसच्या आसपास. ज्यांना आधीच होता त्यांचा वाढण्याचा वेगही गोळीने बदलला नाही.

याला एक फट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तीन वर्षं म्हणजे पंधरा वर्षं नव्हेत, आणि शेवटच्या टप्प्याला पोचलेल्यांची संख्या छोटी होती. ब्लू माउंटन्सच्या डॉक्टरांनी स्वतःच लिहिलं होतं की एवढ्या पुराव्यावर उपचार बदलण्यासारखं काही नाही, फार तर ज्यांना ओल्या एएमडीचा धोका मोठा आहे त्यांच्याबाबत विचार व्हावा. मी त्या वाक्याचा मान ठेवतो. तरी नानांच्या बाबतीत माझा कौल डळमळत नाही, आणि त्याचं कारण साधा हिशेब आहे.

बीव्हर डॅमचा आकडा अगदी खरा धरा, सगळा दोष गोळीच्या माथी मारा. तरी फरक किती? हजारात साधारण १८ आणि १०. म्हणजे हजार माणसांमागे सात-आठ. आता दुसरं पारडं. ज्यांना अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला आहे अशांवरच्या प्रयोगांची एकत्र बेरीज २००९ मध्ये झाली. पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा त्यातून मृत्यू असं गंभीर काही होण्याचं प्रमाण बिनऔषधाच्या गटात वर्षाला ८.२ टक्के होतं, ॲस्पिरिनवर ६.७ टक्के. हजारात पंधरा, आणि तेही दर वर्षी. डोळ्याचा डॉक्टर असून सांगतो, हृदय बंद पडल्यावर पडदा तपासायला कुणी येत नाही.

आणखी एक, "रक्त पातळ" हा शब्दच आपला घात करतो. पेशंटच्या डोळ्यासमोर चित्र येतं ते शेवभाजीचा रस्सा पाणी घालून वाढवल्याचं: रक्त पाण्यासारखं झालं, मग ते झिरपून डोळ्यात उतरणारच. तसं काही होत नाही. रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त गुठळी धरायला वेळ लागतो.

ओल्या एएमडीत काय होतं ते ठिबकच्या नळीवरून समजून घ्या. पडद्याच्या मागे एक थर असतो, तो पडद्याला पोसतो आणि त्याचा कचरा बाहेर टाकतो. वयाने कचरा साचतो, त्याचेच ते पिवळे ठिपके, ड्रुसेन. नानांना तेच सांगितलं आहे. ही कोरडी अवस्था. बहुतेकांचं गाडं इथेच राहतं किंवा फार सावकाश पुढे सरकतं. भारतात ६० वर्षांवरच्या लोकांच्या उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या पाहणीत सुरुवातीचे बदल पुष्कळांत सापडले, शेवटचा टप्पा शंभरात एखाद्यालाच. त्या थोड्यांत मागच्या थरातून कच्च्या, गळक्या रक्तवाहिन्या फुटून वर येतात. उंदराने ठिबकची नळी कुरतडल्यावर एकाच जागी चिखल व्हावा तसं मॅक्युलाखाली पाणी आणि रक्त साचतं. आता नळी कुरतडलेलीच असेल तर ॲस्पिरिनने गळती थोडी जास्त होऊ शकेल, ही शंका रास्त आहे. पण उंदीर ही गोळी नव्हे. उंदीर आहे शरीरातच तयार होणारं व्हीईजीएफ नावाचं रसायन, आणि आम्ही डोळ्यात जी इंजेक्शनं देतो ती त्याच्याविरुद्धच असतात.

पक्षाघाताच्या किंवा झडपेच्या पेशंटना दिली जाणारी वॉरफेरिन, ॲसिट्रोमसारखी औषधं ही वेगळी जात. मोठा ओला एएमडी असेल तर त्यांच्यामुळे रक्तस्राव मोठा होण्याची भीती ॲस्पिरिनपेक्षा जास्त असते. तिथे आम्ही हृदयाच्या डॉक्टरांशी बोलतो, रक्ताचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, पाहतो. पण कृत्रिम झडप असलेल्या माणसाने डोळ्यासाठी ते औषध स्वतःहून सोडलं तर झडपेवर गुठळी धरून जीवावर बेतू शकतं. हा परिच्छेद तुमच्या घरासाठी नाही, वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरासाठी आहे.

आईची इकोस्प्रिन हा मात्र वेगळा खटला आहे, आणि नानांचं उत्तर तिला लावू नका. तिला अटॅक आलेला नाही, स्टेंट नाही, पक्षाघात नाही. "पुढे होऊ नये म्हणून" दिलेली गोळी. काही वर्षांपूर्वी आम्ही डॉक्टर लोक ही सढळ हाताने लिहायचो, हे मान्य करायला हवं. मग २०१८ मध्ये दोन मोठे प्रयोग आले. ॲस्प्रीमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या त्याच प्रयोगात, सत्तरीच्या पुढच्या निरोगी १९,११४ लोकांना रोज ॲस्पिरिन देऊन धडधाकट जगण्याची वर्षं वाढली नाहीत, मोठे रक्तस्राव मात्र वाढले: हजार माणसांमागे वर्षाला ६.२ चे ८.६. मधुमेहाच्या १५,४८० लोकांवरचा असेंड नावाचा प्रयोग साडेसात वर्षांच्या आसपास चालला. तिथे फायदा दिसला, गंभीर हृदयविकार-पक्षाघात ९.६ टक्क्यांवरून ८.५ वर आले. आणि मोठे रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेले. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने जवळजवळ तेवढंच काढून घेतलं. २०२२ पासून अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांच्या तज्ज्ञ समितीचा सल्ला आहे की ज्यांना हृदयविकार नाही अशांना साठीनंतर ही गोळी नव्याने सुरू करू नये.

तेव्हा आईच्या फिजिशियनला विचारा: हिला ही गोळी आता हवीच आहे का? माझा अंदाज आहे ते बंद करतील, विशेषतः गुडघ्यासाठी ती अधूनमधून डायक्लोफेनॅक घेत असेल तर. आपल्याकडे सत्तरीची बाई आणि गुडघ्याची गोळी ही जोडी फुटत नाही. ॲस्पिरिन आणि ती गोळी मिळून जठराची वाट लावतात. गोळीवर आवरण आहे म्हणून पोट सुरक्षित, हा समजही खरा नाही. पण त्या गोळीचा निकाल जठर आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा विचार करून लागू दे, डोळ्याच्या भीतीने नको. आणि एक क्रम पाळा: डोळ्याची तपासणी आधी. इकोस्प्रिनचा निर्णय होईपर्यंत थांबू, असं करू नका. तपासणीसाठी, ओसीटीसाठी, आणि लागलंच तर इंजेक्शनसाठीही ॲस्पिरिन थांबवावं लागत नाही.

इंजेक्शन म्हटलं की घरात शांतता पसरते, म्हणून थोडं त्याबद्दल. थेंबांनी डोळा बधिर करतात, जंतुनाशकाने धुतात, बारीक सुईने पांढऱ्या भागातून औषध आत सोडतात. सुईचं काम काही सेकंदांचं, तयारीला वेळ जातो. साधारणपणे सुरुवातीला महिन्याला एक अशी तीन, मग स्कॅन पाहून पुढचं अंतर. ओला एएमडी असेल तर हे लांबणारं काम आहे, तीन इंजेक्शनांत संपेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. औषधं तीन-चार प्रकारची आहेत आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बेव्हासिझुमॅब सर्वात स्वस्त. अमेरिकेत सरकारी पैशाने झालेल्या २०११ च्या तुलनेत ते महागड्या रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीने नजर टिकवताना दिसलं. रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्तीही २०१५ पासून मिळते. खर्चाचं बोलायला लाजू नका. महाग इंजेक्शन एकदा घेऊन पुढची चुकवण्यापेक्षा परवडणारं वेळेवर घेतलेलं बरं. ही इंजेक्शनं येण्याआधी ओला एएमडी म्हणजे मधली नजर गेलीच, असं होतं. २००६ मधल्या प्रयोगांत वर्षभरानंतर शंभरात नव्वदहून जास्त जणांची नजर टिकली आणि तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोकांची चांगली सुधारली. पण ते वेळेत आलेले लोक होते.

इथे माझी एक चूक सांगतो. रावेरकडचे एक केळीवाले काका, स्टेंट सात महिन्यांचा, डोळ्यात इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भागावर लालभडक डाग. सुई जिथे जाते तिथली बारीक केशवाहिनी फुटते, ॲस्पिरिन चालू असलेल्यांत डाग जरा मोठा दिसतो, दहा-पंधरा दिवसांत आपोआप जातो, नजरेशी त्याचा संबंध नसतो. हे मला तोंडपाठ आहे, पण त्यांना मी सांगितलं नव्हतं. घरात कुणी तरी म्हणालं, रक्त पातळ झालंय म्हणून डोळ्यातून येतंय. काकांनी स्टेंटच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला तो आयसीयूच्या बाहेरून. काका वाचले, पण हृदयाची ताकद पहिल्यासारखी राहिली नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक इंजेक्शनच्या कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं असतं: लाल डाग आला तर घाबरू नका, हृदयाच्या गोळ्या चालू ठेवा. दुखलं, नजर उतरली किंवा डोळा चिकटू लागला तर मात्र तडक या, तो जंतुसंसर्ग असू शकतो.

नानांच्या डोळ्यांसाठी काय करायचं, हे अजून राहिलंच. गोळी सोडण्यापेक्षा उपयोगाच्या गोष्टी आहेत. नाना बिडी ओढत असतील तर ती पहिली सोडायची. मॅक्युलाला धुराइतका पक्का शत्रू माणसाच्या हातातला दुसरा नाही. मग ल्युटिन-झिॲक्झँथिन, जस्त, क आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल. त्या सगळ्यांसाठी नाहीत. ड्रुसेन मध्यम किंवा मोठे असतील, किंवा एका डोळ्यात आजार पुढे गेला असेल, तर त्या पुढे सरकण्याचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी करतात. अगदी सुरुवातीच्या ठिपक्यांना त्यांचा फायदा दिसलेला नाही, आणि घरातल्या बाकीच्यांनी "डोळ्याचं टॉनिक" म्हणून वाटून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. नानांची अवस्था कोणती ते रेटिनाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. बिडी ओढणाऱ्याने किंवा नुकती सोडलेल्याने बीटा कॅरोटीन असलेली जुनी कॅप्सूल घेऊ नये, त्यांच्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला होता. ताटात मेथी, पोकळा, शेवग्याचा पाला, मका येऊ द्या. केळी खाऊन पडदा सुधारत नाही, हे मी जळगाव जिल्ह्यात बसून सांगतोय, म्हणजे किती जीवावर उदार होऊन सांगतोय ते समजा. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हाने पडदा जळतो असंही लोक म्हणतात. मॅक्युलाच्या बाबतीत उन्हाचा पुरावा कच्चा आहे. डोक्यावर रुमाल-टोपी घ्यावी, ती मोतीबिंदूसाठी आणि डोळ्यावर वाढणाऱ्या मांसासाठी.

आणि रोजची परीक्षा. आमच्याकडे त्यासाठी चौकटींचा छापील कागद असतो, मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर भिंतीवरचं कालनिर्णय आहेच. जवळचा चष्मा लावायचा, उजेडात वाचायच्या अंतरावर उभं राहायचं, एक डोळा तळव्याने झाकायचा आणि मधल्या एका तारखेकडे बघत राहायचं. आजूबाजूच्या रेघा वाकतात का, एखादी चौकट पुसली जाते का. मग दुसरा डोळा. डोळे एकेक करून, हे महत्त्वाचं. दोन्ही उघडे ठेवले की चांगला डोळा वाईट डोळ्याचे पाप पोटात घालतो. आईला उजव्या डोळ्याचं कळलं कसं, ते तिला विचारा. बहुधा कधी तरी डोळा चोळताना दुसरा झाकला गेला असेल.

नानांना फोनवर हे सगळं सांगू नका, एवढं ऐकणार नाहीत. एवढंच सांगा की डोळ्याच्याच डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितली आहे. डोळ्याच्या भीतीने सोडली, तर डोळ्याच्या माणसाचा शब्द चालेल.

आईला नेताना मोटरसायकल नको. थेंबांनी बुबुळ मोठं झालं की चार-पाच तास उजेड सहन होत नाही, जवळचं दिसत नाही, आणि मागे बसूनही तोल जातो. एस.टी.ने किंवा गाडी करून जा, सोबत एक माणूस असू दे. दोघांनाही एकाच दिवशी न्या. जुने चष्मे, शुगरचा शेवटचा रिपोर्ट, नानांच्या अँजिओप्लास्टीचा कागद, आणि दोघांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला, गुडघ्याच्या धरून. पट्टी कापलेली असेल तर नाव असलेला तुकडा ठेवा. नुसती "पांढरी छोटी गोळी" म्हटल्यावर आम्हालाही ओळखता येत नाही.